ख्रिस्ती कुटुंबांतील पति व पिता

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत धर्मगुरूंचीं नांवें येतात, देणगीदारांचीं येतात, मंदिराचा पाया कधीं घातला तेंही येतें. आणि तें योग्यच आहे. परंतु दिवसभर शेतांत, मिठागरांत किंवा दर्यावर राबून सायंकाळीं घरच्या खुर्सापुढें ज्यांनीं गुडघे टेकले, त्या गृहस्थांचें नांव बाप्तिस्म्याच्या वहींत एका शब्दापुरतें येतें: अमक्याचा पिता. आमच्या इतिहासांतील त्यांचा वांटा मात्र एका शब्दाएवढा नाहीं, आणि या मंगल प्रसंगीं त्याचें स्मरण करावें असें आम्हांस वाटतें.

वरसाव्याच्या पुलावरून खाडी ओलांडली कीं पलीकडे वसई; अलीकडे, आमच्याच अंगणांत म्हणावें असा, घोडबंदरचा किल्ला. १५३४ सालच्या तहानें वसई व साष्टी पोर्तुगेजांकडे गेली, आणि पुढील दोनशें वर्षांत या मुलखांत गांवोगांव ख्रिस्तमंदिरें उभीं राहिलीं. १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टींत चढाई करून ठाणें व घोडबंदर घेतलें. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढें वसईनें हात टेकले. शरणागतीच्या अटींत मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. तथापि युरोपीय धर्मगुरु निघून गेले, मठ ओस पडले आणि थोड्याशा देशी धर्मगुरूंवर अनेक गांवांचा भार आला. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांच्या हातीं जाईपर्यंत, म्हणजे सुमारें पस्तीस वर्षें, ही स्थिति राहिली.

पस्तीस वर्षें म्हणजे एक संपूर्ण पिढी. त्या काळांत जन्मलेलें मूल खुर्साची खूण करावयास कोठें शिकलें असेल? शाळा नव्हती, मठ नव्हता. होतें तें घर. धर्मसभेचा नियमच असा आहे कीं, प्राणसंकटाच्या वेळीं धर्मगुरु जवळ नसल्यास कोणाही मनुष्यानें पाणी ओतून यथाविधि बाप्तिस्मा द्यावा. हा नियम आमच्या पूर्वजांस पुस्तकांतला नव्हता. पावसाळ्याच्या रात्रीं, खाडीला उधाण आलेलें, मूल धाप टाकीत आहे आणि पाद्री तीन गांवें पलीकडे, अशा घडीस जो वडील माणूस घरांत होता त्यासच हें कर्तव्य करणें भाग होतें. आम्ही आज ख्रिस्ती आहों तें त्या उंबऱ्याच्या आंत राखलेल्या श्रद्धेमुळें, असें मानल्यावांचून हा इतिहास उलगडत नाहीं. आईचा वांटा त्यांत मोठा होता हें सांगणें नको; पण आई एकटी नव्हती.

त्यांच्या गृहस्थधर्माच्या खुणा आमच्या चालीरीतींत अजून दिसतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं आगेरा येतो. नव्या भाताच्या लोंब्या आधीं मंदिरांत नेऊन आशीर्वादित करावयाच्या, मग घरचें नवें अन्न. ज्या हातानें नांगर धरला त्यानेंच पहिलें पीक देवाला द्यावें, हा कुटुंब पोसणाऱ्याचा कबुलीजबाबच होय. लग्नाच्या आदल्या दिवशीं उंबराचें पाणी आणतांना गाणीं, वाजंत्री आणि हंशा असतो. परंतु दुसऱ्या दिवशीं वेदीपुढें जें वचन दिलें जातें त्यास ना वाजंत्री लागते ना मुदत असते. १५६३ सालीं त्रेंत येथील धर्मपरिषदेनें विवाह धर्मगुरूपुढें व साक्षीदारांपुढें झाला पाहिजे असा दंडक घातला, तो मुख्यतः चोरून लग्न करून पुढें नाकबूल होणाऱ्या पुरुषांपासून स्त्रियांचें रक्षण व्हावें म्हणून, हें थोड्यांस ठाऊक असतें.

आमच्या शेजारच्या उत्तनचें एक उदाहरण घ्यावें. होमरूल लीगचे १९१६ सालचे पहिले अध्यक्ष आणि १९२५ मध्यें मुंबईचे महापौर झालेले काका जोसेफ बाप्तिस्ता यांचे वडील मूळचे उत्तनचे. पुत्राचा जन्म १७ मार्च १८६४ रोजीं माझगांवच्या माथारपाखाडींत झाला. पुत्राचें नांव देशभर झालें. पित्याचें नांव पुत्राच्या चरित्राच्या पहिल्या ओळींत येतें आणि तेथेंच थांबतें. बापांच्या नशिबीं बहुधा तेवढीच ओळ असते.

संत योसेफाचा तर एकही शब्द शुभवर्तमानांत नोंदलेला नाहीं. त्यानें केलें तेवढेंच लिहिलें आहे: मरियेची अब्रू राखली, रात्रीं उठून बाळ व माता यांस घेऊन मिसर देशीं गेला, नाझरेथांत सुतारकीवर घर चालविलें. ८ डिसेंबर १८७० रोजीं नववे पायस यांनीं त्यास अखिल धर्मसभेचा आश्रयदाता ठरविलें. १९५५ सालीं बारावे पायस यांनीं १ मे हा कष्टकरी योसेफाचा सण केला. आणि १९३० च्या अखेरीस अकरावे पायस यांनीं विवाहाविषयीं जें परिपत्रक काढलें, त्यांत पतीचें वडीलपण मान्य करूनही पत्नीचें स्वातंत्र्य व मनुष्य म्हणून तिची प्रतिष्ठा त्यामुळें हिरावली जात नाहीं, असें स्पष्ट बजावलें आहे. आमच्यांतील कित्येक जण पहिला भाग पाठ म्हणतात. दुसरा त्यांनीं वाचलेला नसतो.

फ्रान्सांतील लुई मार्तिन या घड्याळजीनें तो भाग आचरणांत आणला होता, परिपत्रक निघण्याच्या साठ वर्षें आधीं. पत्नी झेली हिचा लेस विणण्याचा धंदा वाढला, तेव्हां १८७० सालीं त्यानें स्वतःचें दुकान भाच्यास विकून तिच्या कामांत हात घातला. नऊ अपत्यांपैकीं चार त्यांस पुरावीं लागलीं. १८७७ सालीं कर्करोगानें झेली गेली, तेव्हां पांच मुलींच्या सोयीसाठीं त्यानें गांव सोडून लिझ्यू येथें बिऱ्हाड केलें. धाकटी तेरेजा पंधराव्या वर्षीं मठांत जाऊं म्हणाली, तर तो तिला रोमपर्यंत घेऊन गेला. पुढें त्याचें मन आजारी झालें व तीन वर्षें त्यास वेड्यांच्या इस्पितळांत काढावीं लागलीं. १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं पति-पत्नी दोघांसही एकाच वेळीं संतपद देण्यांत आलें.

बायकोच्या धंद्यासाठीं स्वतःचें दुकान विकणारा नवरा आमच्या पॅरिशांत किती घरीं आहे? आम्ही कोणाकडे बोट दाखवीत नाहीं. बोट आमच्याकडेच आहे. भातशेतें गेलीं, त्यांचे पैसे आले. कांहीं घरीं त्यांतून मुलांचें शिक्षण झालें, कांहीं घरीं ते बाटलींत गेले, आणि त्या घरच्या पत्नीनें काय सोसलें तें ती कबुलीच्या जाळीशींही बोलली नाहीं. कोणी जहाजावर, कोणी आखातांत आहेत. त्यांची पाठवणूक दरमहा येते, तिला आम्ही कमी लेखीत नाहीं, कारण तोही योसेफाच्या मिसर देशचाच प्रवास आहे. आम्हांस खटकतो तो घरांत असून नसलेला बाप.

सायंकाळीं गांवठाणांतील खुर्सापाशीं रोजरी होते. यांतील अनेक खुर्स १८९६ पासूनच्या प्लेगच्या सांथींत उभारलेले आहेत; मरण दारांत असतां पुरुषांनीं दगड वाहिले आणि स्वतः पुढें राहून प्रार्थना चालविली. आतां पुढें बायका व मुलें बसतात. पुरुष मागें, रस्त्याच्या कडेस, उभे असतात. परवां अशाच एका रोजरींत एक लहान मुलगा अर्ध्यावरच उठला, मागें गेला, बापाचा हात धरून त्यास ओढीत पुढें आणला व आपल्याजवळ चटईवर बसविला. बाप थोडा लाजला. पण पुढचें ‘नमो मरिये’ त्याच्याच आवाजांत सुरू झालें.