गवयाचा वारसा आणि इतिहासाची साधने

इ. स. १९२२ हे वर्ष महाराष्ट्राच्या संगीतेतिहासात एका कालखंडाची अखेर म्हणून नोंदवावे लागते. त्या वर्षी ८ एप्रिल रोजी गायनाचार्य भास्करबुवा बखले निवर्तले. पुरता महिनाही लोटला नाही तोच ६ मे रोजी राजर्षी शाहू छत्रपतींचे देहावसान झाले आणि १८९५ पासून कोल्हापूर दरबारच्या आश्रयास असलेल्या अल्लादियाखाँ यांचे तेथील अधिष्ठान नाहीसे झाले. पुढील आयुष्य त्यांनी मुंबईस काढले. ग्वाल्हेर परंपरेचे 'भूगंधर्व' रहिमतखाँ हेही त्याच वर्षी कालवश झाले. दरबाराकडून शहराकडे, राजाश्रयाकडून तिकिटाच्या जलशाकडे व ध्वनिमुद्रिकेकडे जे संक्रमण मागील वीस वर्षे चालू होते, ते या वर्षी निर्णायक ठरले असे म्हणता येईल.

या तिघा गवयांपैकी रहिमतखाँ यांच्या उतारवयातील काही ध्वनिमुद्रिका मागे राहिल्या. भास्करबुवांची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा धंदा देशात भरभराटीस आल्यानंतरही कित्येक वर्षे हयात होते. तथापि त्यांचाही आवाज मुद्रित झालेला नाही. अशा कलावंताच्या कलेविषयी इतिहासाभ्यासकाने विधान करावे ते कोणत्या आधारावर? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न होय.

(१)

गवयाच्या निधनानंतर त्याच्या कलेची जी साधने उरतात, त्यांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात : ध्वनिमुद्रिका, स्वरलिपी, शिष्यपरंपरा आणि आठवणी. यांपैकी ध्वनिमुद्रिका हे सर्वांत विश्वसनीय साधन, असा समज सार्वत्रिक आहे. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीचे पहिले ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास झाले व गौहरजान यांच्या तबकड्यांनी या नव्या यंत्राला देशभर श्रोते मिळवून दिले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गायन मावत असे. १९२५ च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायकास कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. मंद, हळुवार स्वर यंत्र टिपीत नसे. ज्या ख्यालाचा विस्तार मैफलीत तासभर चाले, त्याचा तीन मिनिटांतील अवतार हा संक्षेप होता, आणि तोही यंत्राच्या अटींवर केलेला संक्षेप होता.

अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. किराना येथे जन्मलेल्या या गायकाने आपले उत्तरायुष्य प्रामुख्याने महाराष्ट्र व कर्नाटकात घालविले. पुण्यास आर्य संगीत विद्यालय चालविले. मिरज ही आपली कर्मभूमी केली. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासनजीक सिंगपेरुमाळकोईल या रेल्वेस्थानकावर त्यांचा अंत झाला व मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. त्यांच्या अखेरच्या काही वर्षांतील ध्वनिमुद्रिका स्वच्छ आहेत व त्यांचा प्रसारही विलक्षण झाला. परिणामी सर्वसामान्य श्रोत्यांच्या मनात करीमखाँ म्हणजे झिंझोटी व भैरवी यांतील ठुमऱ्या, असे समीकरण रूढ झाले. संथ लयीत स्वरास्वराने राग उलगडणारा जो ख्यालगायक मैफलीतील श्रोत्यांनी ऐकला होता, तो या ठुमऱ्यांच्या लोकप्रियतेमागे काहीसा झाकला गेला. मुद्रिकेने आवाज वाचविला हे खरे. परंतु गायकाची प्रतिमा आपल्या मापाने लहान केली, हेही तितकेच खरे आहे.

याच मुद्रिकांचा दुसरा परिणामही नोंदविला पाहिजे. भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांना बालपणी करीमखाँची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकून गाण्याचा ध्यास लागला, आणि गुरूच्या शोधात घर सोडून केलेल्या भ्रमंतीनंतर ते करीमखाँचेच शिष्य सवाई गंधर्व (१८८६–१९५२) यांच्याकडे पोहोचले. तबकडी ही या ठिकाणी केवळ पुरावा राहिली नाही. ती परंपरेतील एक दुवा झाली. मात्र तबकडीने दिली ती ओढ. गायकी शिकण्यास गुरूचे घरच गाठावे लागले, हे विसरता कामा नये.

(२)

दुसरे साधन स्वरलिपीचे. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी वकिलीचा व्यवसाय बाजूस सारून दक्षिण व उत्तर हिंदुस्थानचे दौरे केले, घराणेदार उस्तादांकडून मिनतवारीने चिजा मिळविल्या व त्या सुबोध स्वरलिपीत बांधून क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. हजाराहून अधिक बंदिशी या मालिकेमुळे नाशापासून वाचल्या. ज्या काळी चीज ही घरातील ठेव समजली जाई व मुलीच्या लग्नात आंदण म्हणूनही दिली जाई, त्या काळी ती छापून चार आण्यांच्या विद्यार्थ्याच्या हाती पडावी, ही सामाजिक दृष्ट्याही क्रांतीच होती. याच सुमारास पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी लाहोर येथे ५ मे १९०१ रोजी गांधर्व महाविद्यालय स्थापून निराळ्या लिपीच्या व छापील पाठ्यपुस्तकांच्या साहाय्याने सामुदायिक शिक्षणाचा पाया घातला.

परंतु स्वरलिपी टिपते काय? स्वर, मात्रा, ताल आणि शब्दांची मांडणी. मींड किती लांबवावी, आंदोलन किती हलके असावे, आवाज कोठे भरावा व कोठे आवरावा, हे कागदावर उतरत नाही. ख्यालात बंदिश ही बीजरूप असते. तिच्यावरील विस्तार हाच गायकाच्या प्रतिभेचा प्रांत. म्हणून भातखंडे यांच्या संग्रहातून चिजेचा इतिहास लिहिता येईल, पण ती चीज ज्याने सांगितली त्या उस्तादाच्या गायकीचा इतिहास लिहिता येणार नाही. शिवाय संग्राहक हाही तटस्थ नसतो. कृ. बा. देवल व क्लेमेंट्स यांच्या श्रुतिविषयक प्रयोगांना अब्दुल करीमखाँचे गायन साहाय्यभूत झाले होते. भातखंडे यांना ती श्रुतिमीमांसा मान्य नव्हती. अशा वादातील एका पक्षाच्या ग्रंथावरून दुसऱ्या पक्षाच्या गायनाचे मूल्यमापन करणे धोक्याचे आहे.

(३)

तिसरे साधन शिष्यपरंपरा. भास्करबुवा व अल्लादियाखाँ यांच्या बाबतीत अभ्यासकाला मुख्यतः यावरच विसंबावे लागते.

भास्करबुवांनी (जन्म १८६९) फैज महंमदखाँ, आग्र्याचे नत्थनखाँ व अल्लादियाखाँ यांच्याकडे क्रमाने तालीम घेतली. म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर अशा तीन धारा त्यांच्या ठिकाणी एकत्र आल्या. १९११ साली त्यांनी पुण्यात स्थापिलेला भारत गायन समाज त्यांच्या पश्चातही चालू राहिला. मास्टर कृष्णराव, गोविंदराव टेंबे, बालगंधर्व, दिलीपचंद्र वेदी हे त्यांचे शिष्य. ही नावे एकत्र वाचली असता एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते : यांपैकी कोणीही दुसऱ्यासारखा गात नसे. बुवांचा सर्वांत दूरवर पोहोचलेला वारसा तर ख्यालात नसून नाट्यसंगीतात आहे. खाडिलकरांच्या 'संगीत स्वयंवर' (१९१६) या नाटकाच्या पदांना त्यांनी चाली दिल्या आणि बालगंधर्वांनी त्या रंगभूमीवर व तबकड्यांवर अजरामर केल्या. रागदारीतील बंदिशीचा डौल न मोडता ती नाट्यपदात कशी मुरवावी, याविषयीची बुवांची रसिकता या पदांतून आजही ऐकू येते. पण ती दुसऱ्याच्या कंठातून. बुवांचा स्वतःचा आवाज कसा होता हे त्यावरून सांगता येत नाही. त्यांची निवड कशी होती, हे मात्र सांगता येते.

अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. तारुण्यात अमलेटा येथील दरबारी अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला व पुढे त्या आवाजास पेलेल अशी वळणदार, लयीत गुंफलेल्या तानांची गायकी त्यांनी निर्माण केली, असे परंपरा सांगते. ही कथा आकर्षक आहे. आणि आकर्षक आहे म्हणूनच ती तपासली पाहिजे. ही गायकी जर केवळ भग्न आवाजाची सोय असती, तर धडधाकट आवाजाच्या गायकास ती अपुरी पडली असती. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. केसरबाई केरकर यांचा भरदार, तिन्ही सप्तकांत फिरणारा आवाज याच गायकीत पूर्णत्वास पोहोचला. तेव्हा आवाज बसणे हा फार तर प्रसंग मानता येईल. कारण त्याहून खोल, ध्रुपदाच्या घरातून आलेल्या गायकाने ख्यालाची केलेली फेरमांडणी, यात शोधावे लागेल.

या ठिकाणी प्राचीन ग्रंथांच्या संपादनात वापरली जाणारी पाठचिकित्सेची पद्धत उपयोगी पडू शकते. मूळ ग्रंथ हरवला असता त्याच्या भिन्न प्रती ताडून मूळ पाठ ठरवितात. अल्लादियाखाँ हा हरवलेला मूळ ग्रंथ मानला, तर केसरबाई केरकर (१८९२–१९७७), मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) व मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) या त्याच्या तीन प्रती होत. केसरबाईंनी १९२१ पासून प्रत्यक्ष खाँसाहेबांकडे दीर्घ तालीम घेतली. मोगूबाईंनी खाँसाहेब व त्यांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे. मन्सूरांनी खाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ व भुर्जीखाँ यांच्याकडे. या तिघांत जे समान आढळते, म्हणजे मोकळ्या आकारातील स्वरलगाव, तालाच्या प्रत्येक मात्रेशी संधान राखणारी पेचदार तान, आणि नटकामोद, संपूर्ण मालकंस, बसंती केदार यांसारख्या अनवट वा जोड रागांची ओढ, ते मूळ पुरुषापर्यंत नेता येते. जे एकाच ठिकाणी आढळते, ते त्या त्या कलावंताचे स्वतःचे मानावे.

ही पद्धत वापरताना एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. प्रती शुद्ध नाहीत. केसरबाईंनी तत्पूर्वी अब्दुल करीमखाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा व बरकतुल्लाखाँ यांच्याकडे धडे घेतले होते. मोगूबाईंना आग्रा घराण्याचाही संस्कार होता. मन्सूरांची पहिली तालीम नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर पद्धतीची होती. म्हणून समान आढळणारा प्रत्येक गुण अल्लादियाखाँचाच, असा निष्कर्ष घाईने काढता येत नाही. तो त्या काळच्या सर्वच ख्यालगायकीत होता काय, हे अन्य घराण्यांच्या मुद्रिकांशी ताडून पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्टपणे मांडली पाहिजे. अल्लादियाखाँच्या गायकीच्या ज्या दोन प्रमुख प्रत्यक्ष साक्षी आज ऐकावयास मिळतात, त्या दोघी गोव्यातील केरी व कुर्डी या खेड्यांतून आलेल्या स्त्रिया होत्या. घराण्याचा इतिहास मात्र पिता, पुत्र व पौत्र यांच्या वंशवृक्षातून सांगितला जातो. वंशवृक्ष हा रक्ताचा असतो. गायकीचा वृक्ष तालमीचा असतो. या दोहोंची गल्लत केल्याने ज्यांनी वारसा प्रत्यक्ष चालविला त्यांना केवळ 'शिष्या' म्हणून समासात स्थान मिळाले. हा अन्याय भावनेचा प्रश्न म्हणून बाजूस ठेवला, तरी पुराव्याच्या दृष्टीनेही ती मोठी चूक ठरते.

(४)

चौथे साधन आठवणींचे. गोविंदराव टेंबे यांचे 'माझा संगीत व्यासंग', बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेले अब्दुल करीमखाँचे चरित्र, बी. आर. देवधर यांचे 'थोर संगीतकार', तसेच अल्लादियाखाँनी वृद्धापकाळी आपले नातू अझीझुद्दीनखाँ यांना सांगितलेली व २००० साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेली आत्मकथा, हे या वर्गातील प्रमुख ग्रंथ होत. यांतील लेखक स्वतः गाणारे व जाणते असल्याने त्यांची साक्ष मोलाची आहे. परंतु शिष्य लिहितो तेव्हा गुरुभक्ती त्याची लेखणी धरते, आणि वृद्ध गायक सांगतो तेव्हा साठ वर्षांपूर्वीची मैफल कालच्या मैफलीपेक्षा उजळ होते. दिव्य आवाज, बरोबरीच्या गवयाचा पाडाव, एकाच रागाचे रात्रभर गायन, अशा कथा एका गवयाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर सहज फिरतात. त्या टाकून द्याव्यात असे नव्हे. गायक कसा गात होता याचा पुरावा म्हणून त्या दुर्बळ असल्या, तरी त्या काळचा श्रोता गायकाकडून काय अपेक्षित होता, याचा त्या उत्तम पुरावा आहेत.

(५)

वरील विवेचनावरून इतके निश्चित होते की, चारांपैकी कोणतेही एक साधन स्वयंपूर्ण नाही. मुद्रिका आवाज देते, पण विस्तार देत नाही. लिपी बंदिश देते, पण उच्चार देत नाही. शिष्य गायकी देतो, पण तीत स्वतःस मिसळतो. आठवण प्रभाव सांगते, पण प्रमाण राखीत नाही. मुद्रिका असलेल्या गायकाला मोठे व नसलेल्याला आख्यायिकेतील पुरुष ठरविण्याची जी प्रवृत्ती बळावली आहे, तिला या चारही साधनांचा एकत्र विनियोग हेच उत्तर होय. भास्करबुवांच्या बाबतीत नाट्यपदांच्या मुद्रिका, त्यांच्या मूळ बंदिशींच्या लिपी व शिष्यांच्या आठवणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास, त्यांच्या सौंदर्यदृष्टीचे बरेच निश्चित चित्र उभे राहू शकेल.

या कामास विलंब परवडणारा नाही. भास्करबुवा व अल्लादियाखाँ यांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढी संपली. त्यांच्या शिष्यांकडून शिकलेली पिढीही ओसरत आहे. किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांच्या निधनाने मोगूबाईंच्या घरातील सर्वांत समर्थ साक्ष थांबली. खाजगी संग्रहांतील जुन्या ध्वनिफिती चिकटत व झिजत आहेत.

केसरबाईंनी भैरवीत गायिलेली एक चीज १९७७ साली अमेरिकेच्या 'व्हॉयेजर' यानांवरील सुवर्णतबकडीत समाविष्ट झाली. दुसरे यान पृथ्वीवरून निघाले ते ५ सप्टेंबरला; १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. ती तबकडी सूर्यमालेबाहेर जात आहे, आणि तिच्यावरील तीन-साडेतीन मिनिटांत अल्लादियाखाँ यांची तालीम किती व केसरबाईंची प्रतिभा किती, हा प्रश्न मात्र पृथ्वीवरच्या अभ्यासकांनी सोडवावयाचा राहिला आहे.