हजारावा सामना

फुटबॉल म्हटले की आपणांस नामवंतांचीच नावे आठवतात. परंतु हा खेळ उभा आहे तो गावोगाव हिंडून पोट भरणाऱ्या साध्या धंदेवाईक खेळाडूंच्या पायांवर. इंग्लंडातील पोर्ट्समथ येथे १९६६ साली जन्मलेला स्टीव्ह क्लॅरिज हा त्यांतलाच एक. बोर्नमथ, ऑल्डरशॉट, केंब्रिज, बर्मिंगहॅम, लेस्टर, मिलवॉल... विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तशी त्याची गत!

भाग्य उजळले ते २७ मे १९९६ रोजी. वेम्ब्लीच्या मैदानावर, जादा वेळेच्या अगदी अखेरीस, त्याच्या नडगीला लागून चेंडू जाळ्यात गेला आणि लेस्टरचा संघ वरच्या श्रेणीत चढला. पुढल्याच वर्षी लीग चषकही त्याच्याच गोलने मिळाला.

मग वय वाढले, करार आखूड झाले. २००६ साली हिशेब नऊशे नव्याण्णव सामन्यांवर येऊन थांबला. तेव्हा, जिथे धंद्याचा श्रीगणेशा केला त्याच बोर्नमथ संघाने त्याला एका सामन्यापुरते बोलावले. ९ डिसेंबरला चाळिशीतला क्लॅरिज मैदानात उतरला. पोर्ट व्हेलने त्यांना ४-० असे हरविले!

विजयाची मिनिटे बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सारे कामाचे दिवस. ते दिवस ज्याने चुकविले नाहीत, त्याचा हजारावा सामना हरला म्हणून वाया गेला असे कोण म्हणेल?