गॅमा-किरण स्फोटांच्या अंतराचा प्रश्न

गॅमा-किरण स्फोटांचा शोध खगोलशास्त्रज्ञांनी हेतुपुरस्सर लावला नाही. तो अण्वस्त्रांवर पाळत ठेवणाऱ्यांच्या हाती अवचित लागला. १९६३ च्या अणुचाचणीबंदी कराराचा भंग करून कोणी अंतराळात गुपचूप स्फोट घडवीत नाही ना, हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी नोंदलेला एक किरणझोत अणुस्फोटाशी जुळेना. पुढे निरनिराळ्या उपग्रहांवर एकच झोत किती अंतराने पोचतो, यावरून लॉस अ‍ॅलामॉस येथील क्लेबेसाडेल, स्ट्राँग व ओल्सन यांनी दिशेचा अंदाज बांधला. पृथ्वी व सूर्य हे दोन्ही उगम वर्ज्य ठरविले आणि १९७३ साली १६ स्फोटांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

दिशा स्थूलमानाने कळली, अंतर मात्र कळले नाही. गॅमा किरण भिंगाने वा साध्या आरशाने केंद्रित होत नाहीत. त्यामुळे स्फोटाची नेमकी जागा सांगणे दुष्कर होते. उगम जवळचा मानल्यास ऊर्जा आवाक्यातील ठरे, दूरचा मानल्यास ती कल्पनेबाहेर जाई. बहुसंख्य अभ्यासकांनी साहजिकच पहिला पक्ष पत्करून आकाशगंगेतील न्यूट्रॉन ताऱ्यांकडे बोट दाखविले. ही समजूत डळमळली ती १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवरील ‘बॅट्से’ उपकरणामुळे. २००० पर्यंत त्याने नोंदलेले २,७०४ स्फोट आकाशभर सारखे विखुरलेले होते; आकाशगंगेच्या पट्ट्याचा त्यांत मागमूस नव्हता. तथापि १९९५ च्या वॉशिंग्टन येथील जाहीर वादात लँब यांनी आकाशगंगेभोवतीच्या विस्तीर्ण प्रभामंडलाचा पक्ष लढविला, तर पाचिन्स्की यांनी दूरस्थ दीर्घिकांचा. नुसत्या मोजदादीने निकाल लागण्यासारखा हा प्रश्नच नव्हता.

तो लागला जागा सापडल्यावर. २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटानंतर सुमारे आठ तासांनी ‘बेप्पोसॅक्स’ या इटली व नेदरलँड्सच्या उपग्रहाने तेथे मंदावत जाणारा क्ष-किरण-उगम टिपला. लगोलग भूमीवरील दुर्बिणींस त्याच जागी दृश्य प्रकाशही आढळला. ८ मेच्या स्फोटाच्या अनुदीप्तीचा वर्णपट हवाई येथील केक दुर्बिणीने घेतला. त्यातील शोषणरेषांची ताम्रसृती ०.८३५ निघाली, म्हणजे उगम निदान तितका तरी दूर असलाच पाहिजे. आकाशगंगेचा पक्ष तेथेच निकालात निघाला.

२००४ साली सोडलेला ‘स्विफ्ट’ उपग्रह स्फोटाच्या दिशेस मिनिटा-दोन मिनिटांत वळे. २३ एप्रिल २००९ च्या स्फोटाच्या जागी त्याच्या दृश्य-प्रकाश दुर्बिणीस काहीच दिसले नाही, आणि हे न दिसणेच अर्थपूर्ण होते: वाटेतील हायड्रोजनने तो प्रकाश गिळला होता. भूमीवरील अवरक्त वेधांनी ताम्रसृती सुमारे ८.२ ठरविली. तो प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय अवघे ६३ कोटी वर्षांच्या आसपास होते.