ठाणे, पेठ आणि जंक्शन : वर्धा जिल्ह्यातील नगरांची चढाओढ

मराठी साहित्यातील नगरचित्रणाचा विचार निघाला की मुंबई, पुणे आणि फार तर नागपूर यांपाशी तो थांबतो. जिल्ह्याचे आणि तालुक्याचे गाव हे बहुधा पात्रांच्या येण्याजाण्याचे ठिकाण असते. त्याला स्वतःचा इतिहास आणि स्वतःची ईर्ष्या असते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशा ईर्ष्येचे एक उदाहरण पाहणार आहोत. १९०१ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्यातील सर्वांत मोठे नगर हिंगणघाट होते; त्याची लोकसंख्या १२,६६२ होती. दुसरा क्रमांक आर्वीचा होता, १०,६७६. ज्या नगराचे नाव जिल्ह्याला होते आणि जेथे कचेरी होती, ते वर्धा ९,८७२ लोकवस्तीसह तिसरे होते. राजधानीचे गाव आपल्याच मुलुखात तिसरे असावे, ही स्थिती कशी आली, ती कशी पालटली आणि पालटून नेमके कोणाचे काय साधले, हे तीन प्रश्न आमच्यापुढे आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्ध्याच्या जन्मातच आहे. १८६२ साली नागपूर जिल्ह्याची विभागणी करून वर्धा जिल्हा निर्माण झाला, तेव्हा त्याचे मुख्य ठाणे पुलगावजवळच्या कवठा येथे होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्यात हलविण्यात आले आणि त्या खेड्याच्या जागी आखीव रस्त्यांचे नवे गाव वसविले गेले. नाव नदीचे दिले. पण नदी गावापासून दूरच राहिली. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, मुंबईकडून येणारी रेल्वे नागपूरला पोचली आणि नवे ठाणे त्या मार्गावरचे स्थानक झाले. म्हणजे वर्ध्याजवळ कचेरी होती, रूळ होते. नव्हती ती पेठ. पेठ एका हुकमाने वसत नाही. ती सावकार, अडते, गाडीवान, तोलारी आणि आठवडी बाजार यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने उभी राहते.

ती सवय हिंगणघाटला होती. वेणा नदीच्या काठचे हे गाव ठाणे वसण्याच्या कितीतरी आधीपासून कापसाची बाजारपेठ होते. येथील ‘बनी’ जातीचा कापूस लांब आणि मऊ धाग्यासाठी नावाजलेला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्लंडची नजर वऱ्हाड व मध्य प्रांत यांच्याकडे वळली. हिंगणघाटचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका प्रतीचे नाव म्हणून उच्चारले जाऊ लागले. सरकारने या प्रदेशासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा स्वतंत्र कापूस आयुक्त नेमला, यावरून त्या व्यापाराचे मोल कळावे.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. त्याच युद्धाने अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातही दोन नगरांचे दैव पालटले. मिसिसिपी नदीवरील सेंट लुईस हे जुने, भरभराटीचे बंदर. शिकागो त्या मानाने नवखे. युद्धात नदीचा व्यापार अडला आणि रेल्वेच्या जाळ्यावर विसंबलेले शिकागो पुढे सरकले. १८७० च्या गणनेत सेंट लुईस पुढे होते. १८८० मध्ये शिकागोची लोकसंख्या पाच लाखांवर गेली आणि सेंट लुईस साडेतीन लाखांवर राहिले. एकाच युद्धाने तिकडे नदीकाठच्या पेठेला मागे सारले आणि इकडे नदीकाठच्या पेठेला वर काढले. मात्र दीर्घ पल्ल्यात निकाल दोन्हीकडे सारखाच लागला. नदीचा घाट हरला आणि रुळांचा सांधा जिंकला.

तो निकाल वर्ध्यात हळूहळू लागला. १८७० च्या दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून दक्षिणेकडे फाटा निघाला आणि हिंगणघाट त्यावर आले. म्हणजे हिंगणघाटला रेल्वे मिळाली, पण ती वर्ध्याच्या मार्फत मिळाली. १९२९ मध्ये बल्लारशाह–काझीपेठ हा दुवा पूर्ण झाला आणि कोळशाचा हा फाटा दिल्ली–मद्रास या महामार्गाचा भाग बनला. मुंबई–कलकत्ता आणि दिल्ली–मद्रास या दोन मार्गांच्या सांध्यावर वर्धा उभे राहिले. आर्वीच्या वाट्याला मात्र १९१७ मध्ये पुलगावपर्यंतची अरुंद रुळांची गाडी आली. तेलंगराव नावाच्या सत्पुरुषाने वसविल्याची आख्यायिका मिरविणारे, हिंदू आणि मुसलमान दोघांनीही त्याला आपला मानलेले हे जुने गाव मुख्य मार्गापासून एक गाडी बदलण्याच्या अंतरावर राहिले, आणि कालांतराने ती छोटी गाडीही बंद पडली. याउलट वर्धा नदीवरील पुलाशेजारच्या पुलगावला, ज्याचे नावच त्या पुलावरून पडल्याचे सांगतात, आधी कापडगिरणीने आणि नंतर लष्कराच्या दारूगोळा भांडाराने वाढविले.

परंतु रूळ एवढेच कारण मानले तर वर्ध्याचा इतिहास अर्धाच सांगितल्यासारखे होईल. जंक्शने देशात पुष्कळ आहेत. वर्ध्याला जे लाभले ते जमनालाल बजाज या कापसाच्या व्यापाऱ्याच्या निर्णयांतून. १९२१ मध्ये त्यांच्या आग्रहावरून विनोबा सत्याग्रहाश्रमाची शाखा चालविण्यासाठी वर्ध्यास आले. १९२८ मध्ये बजाजांचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले झाले. १९३४ मध्ये गांधीजी येथे आले, त्याच वर्षी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजींनी शेगाव या खेड्यात मुक्काम हलविला. १९४० मध्ये त्या खेड्याचे सेवाग्राम झाले. राष्ट्रभाषा प्रचार समिती (१९३६), नयी तालीमचा पाया घालणारी शिक्षण परिषद (१९३७), ‘छोडो भारत’च्या आधीची काँग्रेस कार्यसमितीची १४ जुलै १९४२ ची बैठक, हे सारे वर्ध्यातच घडले.

या घटनाक्रमातील विरोधाभास आम्हाला महत्त्वाचा वाटतो. गांधीजी वर्ध्यात आले ते खेड्याची बाजू घेऊन. नगरे खेड्यांचे शोषण करतात, हा त्यांचा ठाम आक्षेप होता. तथापि त्यांच्या वास्तव्याने ज्या संस्थांची परंपरा सुरू झाली, तिने नगरच वाढविले. १९६९ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधींच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९९० मध्ये सावंगीला दुसरे, आणि १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९६९ मध्ये पु. शि. रेगे यांच्या आणि २०२३ मध्ये नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यासच भरले. ज्या गावाला पेठ नव्हती, त्याला ग्रंथालये, वसतिगृहे, रुग्णालये आणि व्यासपीठे मिळाली.

हिंगणघाटच्या बाजूने याच काळात उलटे घडत होते. मऊ धाग्याची ‘बनी’ रुईचा उतारा कमी देते म्हणून मागे पडली आणि जास्त उताऱ्याच्या आखूड, भरड जातींनी तिची जागा घेतली. ज्या गुणामुळे गावाचे नाव झाले तो गुणच बाजाराला परवडेनासा झाला! तरीही गिरण्या व जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने यांनी गावाला कामगारवस्ती दिली आणि हे नगर कष्टकऱ्यांचे नगर म्हणून वाढत राहिले. त्याची स्मरणे मात्र लिहिली गेली नाहीत. सेवाग्रामवर शेकडो पुस्तके आहेत; हिंगणघाटच्या गिरणीकामगारावर, तोलाऱ्यावर किंवा सरकी वेचणाऱ्या बाईवर मराठीत काय आहे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी स्वतःला विचारून पाहावा.

आता आकड्यांकडे परत येऊ. २०११ च्या जनगणनेत वर्धा नगरपरिषदेची लोकसंख्या १,०६,४४४ आणि हिंगणघाटची १,०१,८०५ होती. आर्वी सुमारे ४२ हजारांवर होती. ११० वर्षांत वर्धा जवळजवळ अकरापट, हिंगणघाट आठपट आणि आर्वी चौपट वाढली. जिल्हा त्याच काळात ३,८५,१०३ वरून १३,००,७७४ वर, म्हणजे सुमारे साडेतीनपट वाढला. तेव्हा आर्वी जिल्ह्याच्या सरासरीहून किंचितच पुढे राहिली. येथवर वर्ध्याचा विजय स्पष्ट दिसतो. पण २००१ मध्ये वर्ध्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ११ हजार आणि हिंगणघाटची ९२ हजार होती. म्हणजे त्या दशकात वर्धा जवळजवळ पाच हजारांनी घटले, हिंगणघाट नऊ हजारांहून अधिक वाढले आणि दोहोंतील अंतर पाच हजारांच्याही आत आले.

या घटीवरून वर्धा ओसाड पडत आहे असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. नगरपरिषदेची हद्द ओलांडली की सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), पिपरी (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी, म्हसाळा ही गावे लागतात. तेथे घरे वर्ध्याची, नोकऱ्या वर्ध्याच्या, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. माणूस वर्धेकर म्हणून जगतो आणि गणला जातो दुसऱ्याच गावाच्या नावावर. लोकसंख्या ही संख्या असली तरी ती मोजणारी रेषा माणसांनी आखलेली असते, हे या उदाहरणातून शिकण्यासारखे आहे. आर्वीहून वर्धा लहान दिसणे आणि वर्ध्याच्या जवळ हिंगणघाट येणे, या दोन्ही घटनांकडे पाहताना प्रथम विचारायला हवे की ओळ कोठे ओढली आहे.

याहून गंभीर गोष्ट चढाओढीच्या गजरात ऐकू येत नाही. १८९१ ते १९०१ या दशकात, दोन दुष्काळांच्या तडाख्याने, जिल्ह्याची लोकसंख्या ४ लाखांवरून ३ लाख ८५ हजारांवर उतरली होती. २००१ ते २०११ या दशकात दुष्काळ नव्हता. तरी महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढत असता वर्धा जिल्हा अवघा ५.१८ टक्क्यांनी वाढला. कमी जन्मदर हे त्याचे एक कारण असेल, पण तेवढेच नव्हे. शेतकरी आत्महत्यांनंतर २००६ मध्ये ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी मदतयोजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. ईशान्येला २४ लाखांचे नागपूर आहे. जिल्ह्यातला शिकलेला तरुण तेथे जातो किंवा तेथून पुढे पुण्याला. भावांनी बांधावरून भांडावे आणि तोवर शेतच गहाण पडावे, तसा हा प्रकार आहे.

चढाओढ मात्र संपलेली नाही. हिंगणघाटच्या स्वतंत्र जिल्ह्याची मागणी जुनी आहे. जिल्ह्यासाठी २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले, तेव्हा ते आपल्याच गावी व्हावे म्हणून हिंगणघाटकर रस्त्यावर उतरले. त्यांचा युक्तिवाद दुबळा नव्हता. वर्ध्याच्या उंबरठ्यावर दोन महाविद्यालये असता तिसरे तिकडे कशासाठी? फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा–कळंब रेल्वेमार्ग सुरू होऊन देवळीला रूळ पोचले. रूळ जेथे पोचतात तेथे पेठ जाते, हा जुना अनुभव खरा मानला तर देवळीचे दिवस पालटू शकतील. पण ज्या काळात माल रस्त्याने आणि माणूस मोबाइलवर फिरतो, त्या काळात तो अनुभव पुन्हा येईलच असे नाही.

२०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे वर्धा पुढे की हिंगणघाट, हा वाद तूर्त जुन्याच आकड्यांवर चालतो. नवे आकडे येतील तेव्हा दोहोंपैकी एका गावी समाधान आणि दुसऱ्या गावी हद्दवाढीची मागणी उठेल. आमच्या मते त्या दिवशी पाहण्याजोगा आकडा पहिल्या दोन ओळींतला नसेल. आर्वी, आष्टी, कारंजा आणि समुद्रपूर या तालुक्यांतील खेड्यांत किती माणसे उरली, हा तो आकडा असेल. कचेरी, पेठ आणि जंक्शन या तिघांनी नगरे वाढविली, आणि तिघांचेही पोट भरले ते त्या खेड्यांतल्या कापसाने.