सांगली आणि तिचा आयर्विन पूल

कृष्णामाईच्या काठी वसलेल्या सांगली नगरीचा इतिहास मोठा रंगतदार आहे. आपल्या पंचक्रोशीतील घराघराचा या शहराशी बाजारहाटाचा, दवाखान्याचा किंवा कोर्टकचेरीचा संबंध आलेला आहे. म्हणून हा इतिहास ग्रामस्थ व देणगीदार मंडळींपुढे थोडक्यात ठेवीत आहे.

सहा गल्ल्यांचे गाव ते सांगली, अशी नावाची उपपत्ती जुनी माणसे सांगतात. इ. स. १८०१ पूर्वी हे मिरजेच्या पटवर्धनांच्या अमलाखालील एक साधे गाव होते. चुलते गंगाधरराव यांच्याशी बेबनाव झाल्यावर थोरले चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी सांगलीस वेगळी गादी स्थापिली. त्यांनी गणेशदुर्ग उभारला आणि नदीजवळ श्रीगणपतीचे मंदिर बांधविले. त्या मंदिराचे काम तीस वर्षांच्या आसपास चालले होते. जीर्णोद्धारास उशीर झाला म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे!

याच चिंतामणरावांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ नाटक सांगलीत केले आणि मराठी रंगभूमीचा पाया घातला. पुढे देवल हरिपुरात जन्मले, खाडिलकर सांगलीत. एवढ्याशा परिसराने मराठी नाटकाला केवढे दिले!

पण इतके वैभव असूनही पलीकडच्या सांगलीवाडीस जायचे तर मध्ये कृष्णा आडवी. पावसाळ्यात नदी फुगली की नावेचा काय भरवसा? ही अडचण संस्थानच्या काळातच दूर झाली. १९२९ साली कमानींचा भक्कम पूल बांधून पुरा झाला व व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यांचेच नाव पुलाला मिळाले. दुसऱ्याच वर्षी याच आयर्विनसाहेबांच्या कारकिर्दीत मिठाचा सत्याग्रह पेटला. साहेब गेले, त्यांचे राज्यही गेले, परंतु नाव मात्र आमच्या तोंडी राहिले. खेड्यातल्या म्हातारीलाही ‘आयर्विन’ म्हणजे पूल एवढेच ठाऊक असते.

२४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे साथीदार गणेशदुर्गातील तुरुंग फोडून बाहेर पडले. भर पावसाळ्याचे ते दिवस. पाठलाग करणाऱ्या पोलिसांच्या गोळीबारात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघे हुतात्मा झाले. दादांनाही गोळी लागली व ते पकडले गेले. ज्या तुरुंगातून ते निसटले, तो व्हाइसरॉयच्या नावाच्या पुलापासून फार लांब नव्हे.

आज आपल्या कृष्णाकाठाला हा पूल रहदारीपेक्षा निराळ्याच कारणाने जवळचा आहे. पाण्याची उंची येथेच मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरही सांगेल. महाबळेश्वराकडे आणि कोयनेच्या खोऱ्यात पाऊस कोसळला की कराडला कोयना कृष्णेला मिळते आणि ते सारे पाणी इकडे येते. खाली हरिपूरच्या संगमावर वारणाही भरून आलेली असली, तर कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही. ते मागे तुंबते आणि गावात शिरते.

२००५ च्या महापुरात हरिपूरची हळदीची पेवे बुडाली. जमिनीच्या पोटात वर्षानुवर्षे हळद राखणारी ही पेवे, त्यांतली बहुतेक कायमची निकामी झाली. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. २०२१ सालीही पाण्याने पन्नाशी ओलांडली. म्हणूनच “आयर्विनला किती?” हा प्रश्न आपल्याकडे कोणी सहज विचारीत नाही. त्या उत्तरावर जनावरे सोडायची की नाही, धान्य माळ्यावर टाकायचे की नाही, म्हातारे माणूस आजच पाहुण्यांकडे पोचवायचे की उद्या, हे सारे ठरते.

हल्ली हे आकडे मोबाइलवर घरबसल्या कळतात. तरीही पाणी चढू लागले की लोक पुलाच्या कठड्याशी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहून जातात. नदी भरली की बायाबापड्या खण-नारळाने कृष्णामाईची ओटी भरतात.