परसातला घेवडा



मागच्या आठवड्यात सुनेने मला फ्रान्समधल्या विलांद्री नावाच्या वाड्याच्या बागेचे फोटो दाखवले. जोआकिम कार्वालो यांनी १९०६ साली तो वाडा घेतला आणि तिथे कोबी, भोपळे चौकटी आखून रांगोळीसारखे लावले. "भाजीचीसुद्धा शोभा करतात!" असे सून म्हणाली आणि मला सासूबाईंचा परस आठवला.

मी लग्न होऊन अकोल्यात आले तेव्हा आमच्या वाड्यामागे परस होता. न्हाणीचे पाणी जिथे जाई तिथे केळ आणि अळू. (अळूची पाने आपण खायची, कंद जमिनीतच राहू द्यायचा.) भिंतीला शेवगा, कडेला कढीपत्ता, मध्ये घेवड्याचा मांडव. जांभळी फुले आली की शेजारणी बघायला यायच्या. तुळस, जाई आणि दुधी एकमेकांच्या आधाराने वाढत. शोभेची जागा वेगळी आणि भाजीची वेगळी, असे कोणाच्या मनातही नव्हते. त्यातली पपई, पेरू आणि मिरची मुळात अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आलेली, पण परसाने त्यांना कधी परके मानले नाही.

सासूबाई घेवड्याच्या निवडक शेंगा वेलावरच वाळू देत. ते दाणे राखेत घोळवून गाडग्यात ठेवत. किडे मारायचे नाहीत, तर त्यांना येऊच द्यायचे नाही, ही त्यांची रीत. अष्टमी-चौदसला हिरवी भाजी नसे, तेव्हा ह्याच वाळल्या दाण्यांची उसळ होई.

सासूबाई गेल्यावर १९९४ साली आम्ही परसात शहाबादी फरशी घातली. मी बी.कॉम., हिशेब मीच केला होता: बाजारात भाजी स्वस्त, मांडवाखाली चिखल, डास. गाडगे माळ्यावर होते. चार-पाच वर्षांनी उघडले तर दाणे पोकळ. पेरले, एकही उगवला नाही.

आणि आपल्याच तालुक्यात, कोंभाळण्याला, राहीबाई पोपेरे नेमके हेच दाणे जपत होत्या. शाळेत कधी गेल्या नाहीत. फवारलेली भाजी खाऊन नातू आजारी पडला तेव्हापासून गावठी बियाण्याकडे अधिक वळल्या, असे त्या सांगतात. वाल-घेवड्याचे किती तरी प्रकार त्यांनी राखले. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला सुरू केलेल्या बाएफ संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि घरोघरच्या बायका परसबाग लावू लागल्या. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांनी त्यांना 'बीजमाता' म्हटले. २०१८ साली बीबीसीच्या जगभरातल्या शंभर स्त्रियांत त्यांचे नाव आले, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बातमी वाचताना मला आनंद झाला आणि लाजही वाटली. मी सहज टाकून दिले, ते त्यांनी मुठीत धरून ठेवले होते.

मागच्या पावसाळ्यात मी परसातल्या सहा फरशा काढल्या. बाजारात डोंगरातून आलेल्या एका मावशींकडून मूठभर घेवडा घेतला. पैसे देऊ लागले तर म्हणाल्या, "बी जगलं तर पुढच्या वर्षी मलाच परत द्या."

मार्गशीर्षात फुले आली, पांढरी. सासूबाईंचा तो हा नव्हे. तरीही दहा शेंगा वेलावर वाळायला ठेवल्यात, त्यातल्या मावशींच्या वेगळ्या काढणार आहे.