दलबदलाचे दिवस

‘बदली’ हा शब्द सरकारी कारकुनाच्या कानी पडला की त्याच्या डोळ्यांपुढे सामानाची बांधाबांध, मुलांच्या शाळेचे दाखले आणि नव्या गावातील घरभाडे एवढेच उभे राहते. आम्हीही त्याच जातीचे. म्हणून डमडमला राहावयास आल्यावर नागेरबाजारातील चहाच्या दुकानी म्हातारी मंडळी ‘दलबदल’ हा शब्द जिभेवर घोळवून उच्चारू लागली, तेव्हा आम्हांला प्रथम राजकारणाचाच संशय आला. पण विषय निघाला फुटबॉलचा! चाळीस वर्षांपूर्वी कोण कोणत्या क्लबात गेला आणि का गेला, यावर ती मंडळी अशी हमरीतुमरीवर येत, की जणू सही व्हावयाची ती उद्याच व्हावयाची आहे.

कलकत्त्याची लीग १८९८ साली सुरू झाली. मोहनबागान त्याआधीचे, १८८९ चे. २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २–१ असे हरवून त्याने शील्ड जिंकले, ही गोष्ट महाराष्ट्रातही पुष्कळांस ठाऊक आहे. ईस्ट बेंगालच्या जन्माची कथा मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. १९२० च्या जुलैमध्ये जोडाबागान क्लबाने मोहनबागानविरुद्धच्या सामन्यातून शैलेश बोस या खेळाडूस वगळले. त्याची बाजू घेऊन सुरेशचंद्र चौधुरी यांनी तो क्लब सोडला आणि थोड्याच दिवसांत नवा क्लब उभा राहिला. म्हणजे एका खेळाडूने कोठे खेळावे, या वादातूनच हा अर्धा इतिहास जन्मला.

पुढे फाळणी झाली. पूर्व बंगालातून उखडलेली कुटुंबे डमडमच्या आसपास वसाहती करून राहिली. गाव गेले, घर गेले. उरले ते एका क्लबाच्या नावातले ‘ईस्ट बेंगाल’. ते जिंकले की इलिश मासळीचा भाव चढतो आणि मोहनबागान जिंकले की कोळंबीचा, असे येथे थट्टेने म्हणतात. ज्याला परतावयास गाव नाही, त्याचा आवडता खेळाडू प्रतिपक्षाकडे गेला तर त्याला नुसता गोल गमावल्याचे दुःख होत नाही, हे ध्यानात घेतल्यावाचून ह्या लोकांचा संताप समजावयाचा नाही.

आता ह्या व्यवहारातील खरी मौज पाहा. कलकत्त्याचे खेळाडू पुष्कळ काळ नावापुरते हौशी होते. कोणी रेल्वेत, कोणी कस्टम्समध्ये, कोणी बंदरात नोकरीला. उघड पगार नाही, म्हणून बंधनही नाही. दर मोसमापूर्वी खेळाडू इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या कचेरीत जाऊन ज्या क्लबासाठी सही करील त्याचा तो. त्याच काळात इंग्लंडमधील धंदेवाईक खेळाडूची स्थिती काय होती? १९६१ पर्यंत त्याच्या आठवड्याच्या वेतनावर कमाल मर्यादा होती, आणि करार संपला तरी जुना क्लब त्याला अडकवून ठेवू शके. १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने ती प्रथा अन्याय्य ठरविली. करार संपलेला खेळाडू पूर्ण मोकळा, हे युरोपात बोस्मानच्या खटल्याने १९९५ साली ठरले. अमेरिकेतील बास्केटबॉलपटूंना ऑस्कर रॉबर्ट्सनच्या दाव्याची तडजोड होईपर्यंत, म्हणजे १९७६ पर्यंत वाट पाहावी लागली. २०१० च्या जुलैत लेब्रॉन जेम्सने आपण मायामीस जात असल्याचे दूरचित्रवाणीवर जाहीर केले, तेव्हा क्लीव्हलंडच्या लोकांनी त्याच्या नावाचे सदरे जाळले. कलकत्त्याला ह्यात नवे काय वाटणार! येथे वर्षानुवर्षे क्लबांचे कार्यकर्ते खेळाडूंना सहीच्या दिवसापर्यंत गुप्त जागी लपवून ठेवीत आणि वर्तमानपत्रे त्यांचा माग काढीत.

आपल्या लोकांनी ह्यास हसू नये. १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे किर्लोस्कर मंडळी सोडून निघाले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, तेव्हा महाराष्ट्रातही दोन तट पडलेच होते. फरक एवढाच की नटाच्या जाण्याने मासळीचा भाव चढला नाही.

परंतु सर्वांत चमत्कारिक उदाहरण चुनी गोस्वामींचे. जन्म १९३८ चा, पूर्व बंगालातील किशोरगंजचा. म्हणजे रक्ताने अस्सल ‘बांगाल’. पण १९५४ पासून १९६८ पर्यंत ते मोहनबागानखेरीज कोठेही खेळले नाहीत. ईस्ट बेंगालने त्यांना मोटारगाडी देऊ केली होती, ही हकीकत येथे सर्वतोमुखी आहे. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघाचे ते कर्णधार. (हेच गृहस्थ १९७१–७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचेही कर्णधार होते, जिंकली अर्थात मुंबई.) त्यांचे सहकारी प्रदीपकुमार बॅनर्जी खेळाडू म्हणून तिन्ही मोठ्या क्लबांपैकी एकातही गेले नाहीत. ते ईस्टर्न रेल्वेचे, आणि १९५८ साली त्या रेल्वेने लीग जिंकली. मोठ्या तिघांबाहेरच्या संघाने पुन्हा ती जिंकावयास २०१९ उजाडले. केंद्र सरकारच्या नोकराला ह्या विजयाचा थोडा अधिक अभिमान वाटला, तर वाचकांनी क्षमा करावी.

तेच बॅनर्जी प्रशिक्षक झाल्यावर मात्र दोन्हीकडचे झाले. ३० सप्टेंबर १९७५ रोजी त्यांच्या ईस्ट बेंगालने शील्डच्या अंतिम सामन्यात मोहनबागानचा ५–० असा धुव्वा उडविला. त्या पराभवाच्या दुःखात मोहनबागानच्या एका तरुण चाहत्याने जीव दिला. पुढच्याच वर्षी बॅनर्जी मोहनबागानचे प्रशिक्षक होते. त्या सामन्यात गोल करणारा श्याम थापाही १९७७ साली तिकडे गेला. चाहत्याचे प्राण जातात आणि धुरीण तंबू बदलतात, हे वाचून आमचे मन काही काळ खट्टू झाले. परंतु विचार करता असेही वाटते, की खेळाडूची उमेदीची वर्षे दहा. गुडघा गेला म्हणजे चाहता त्याच्या घरी तांदूळ पोचवीत नाही. आम्ही वरच्या हुकुमाने बदलून जातो आणि कोणी आम्हांला गद्दार म्हणत नाही. तो आपल्या मर्जीने जातो, एवढाच त्याचा अपराध.

कृशानु दे आणि विकास पांजी ही जोडी १९८५ साली मोहनबागानमधून ईस्ट बेंगालात गेली, तेव्हा एकाला नेले तरच दुसरा येणार, हे सर्वांना ठाऊक होते. अलीकडे, २०२४ साली, अन्वर अलीच्या ह्याच वाटेवरच्या प्रवासाचा तंटा दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. आता करार आहेत, दलाल आहेत, वकील आहेत. पण चहाच्या दुकानातील भाषा तीच.

इराणच्या माजिद बिश्करची गोष्ट राहिली. १९७८ च्या विश्वचषकाच्या इराणी संघात असलेला हा तरुण अलीगढला शिकावयास आला आणि १९८० साली ईस्ट बेंगालकडून खेळू लागला. अनेक जुने खेळाडू मोहमेडन स्पोर्टिंगकडे निघून गेल्यामुळे त्या वर्षी क्लब उघडा पडला होता. दोन वर्षांत माजिदही मोहमेडनकडे गेला, पुढे व्यसनांत बुडाला आणि मायदेशी परतून विस्मृतीत गेला. क्लबाच्या शताब्दीसाठी २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याला बोलावण्यात आले. तो उतरला तो आमच्या डमडमच्याच विमानतळावर, अपरात्री. आणि त्या वेळीही लाल-पिवळी निशाणे घेऊन माणसे त्याच्यासाठी दाराशी उभी होती.